उलट्यांचा सातबारा

नोटांना वास असतो. मटणवाल्याच्या नोटांना वेगळा, दूधवाल्याच्या वेगळा आणि इचलकरंजीच्या सायझिंगमधून आलेल्या नोटांना खळीचा. हातकणंगल्यातल्या एका पतसंस्थेत सहा वर्षं कॅश मोजूनही हे ज्ञान मला झालं नव्हतं. ते झालं २०१३ सालच्या पाडव्याच्या आठवड्यात. शंभराच्या नोटांचं बंडल मोजत होते. चौऱ्याहत्तरपर्यंत आले, पंच्याहत्तर म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर काहीतरी वेगळंच आलं. समोर ग्राहक, उजव्या हाताला कॉम्प्युटर, डाव्या हाताला नोटा. मी पायाशी असलेली रद्दी स्लिपांची बादली गाठली. या प्रसंगावधानाबद्दल मॅनेजरसाहेबांनी नंतर कौतुक केलं, कारण बंडल शाबूत होतं.

आमचे पिग्मी एजंट त्या वेळी भरणा करत तिथंच उभे होते. पिग्मी एजंट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा माणूस रोज दारोदार फिरून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करतो आणि बदल्यात प्रत्येक दारात आधीच्या दारातली बातमी ठेवून जातो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं, मशीन खांद्याला अडकवलं आणि निघाले. मला स्वतःला अजून खात्री नव्हती, पण दुपारपर्यंत आळत्याला होती आणि संध्याकाळी कुंभोजला.

घरी पोचले तर ओसरीवर तीन बायका बसलेल्या. आवळासुपारी आली होती, मोरावळ्याची बरणी आली होती, कोकमं आली होती, भाजलेल्या बडीशेपेची पुडी आली होती. कुणीतरी पाटीवरच्या पेन्सिलींचा आख्खा डबा ठेवून गेलं होतं. अंधार पडायच्या आत सात उपाय जमले. आठव्या नंबरला मामा आले. त्यांच्या हातात उपाय नव्हता, वही होती.

आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामा निवृत्त तलाठी. तेहतीस वर्षं लोकांच्या जमिनी कागदावर ठेवलेला माणूस. घरात दूध उतू गेलं तरी त्याचा पंचनामा व्हायला हवा असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक. दिनांक व वेळ. उपाय. उपाय सुचविणाऱ्याचे नाते. परिणाम. शेरा. वहीच्या वर लाल शाईनं गाव, तालुका, जिल्हा लिहिलं. मी आत मोरीत ओणवी असताना बाहेरून आवाज यायचा, "सूनबाई, वेळ सहा बावीस धरू की तेवीस?"

पहिल्या दिवशीच्या सातही नोंदींपुढं शेरा एकच : निरंक.

आता यात नवल काही नव्हतं. शंभरातल्या सत्तर-ऐंशी बायकांना पहिल्या तिमाहीत मळमळतं, त्यातल्या बऱ्याच जणी ओकतात आणि बहुतेकींचं ते लिंबू-आवळ्यावर निभतं. शंभरात एखाद-दोन, फार तर तीन बायका अशा निघतात की ज्यांच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही. त्या आजाराला डॉक्टरी भाषेत हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम असं भारदस्त नाव आहे. मी त्या एखाद-दोनीत आहे हे कळायला पुढं महिना लागला. तोवर सगळा गाव मला सत्तर-ऐंशीतली समजूनच औषधं देत होता. सकाळचा त्रास म्हणतात त्याला, पण माझी सकाळ दिवसातून पंधरा वेळा उजाडायची.

"काय खावंसं वाटतंय?" हा प्रश्न त्या महिन्यात मला किती वेळा विचारला गेला त्याचा रकाना मामांनी आखायला हवा होता. या प्रश्नाचं मूळ फार जुनं आहे. सुश्रुतानं चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला द्विहृदया म्हटलंय. एक काळीज तिचं, एक पोटातल्याचं. म्हणून तिची इच्छा ती दौहृद. ती पुरवली नाही तर पोराला बाधते. त्या दौहृदाचा घासून घासून झाला दोहद आणि दोहदाचे झाले आपले डोहाळे. संस्कृत कवींनी तर झाडांनाही डोहाळे लावले. सुंदर स्त्रीनं लाथ मारली की अशोकाला फुलं येतात म्हणे. मलाही त्या दिवसांत लाथ मारावीशी वाटायची, पण झाडाला नव्हे.

अडचण अशी की शास्त्रात सगळी तरतूद हवंहवंसं वाटण्याची आहे. नकोनकोसं वाटणाऱ्या बाईचं काय करायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. कैरीचा हंगाम. परड्यातल्या झाडाच्या कैऱ्या आत्ती ओच्यात भरून आणायच्या आणि मी त्यांच्याकडं पाठ करून बसायची. "अगं, हिला कैरी बघवंना!" असं त्यांनी शेजारी सांगितलं तेव्हा तिथं जी शांतता पसरली ती मी आतून ऐकली. कैरी न बघवणारी गरोदर बाई म्हणजे पेरणी नको म्हणणारा शेतकरी.

त्यात महिना चटणीचा. कोल्हापूर भागात चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे आणि पंधरा-वीस मसाले तळून-भाजून, लाल मिरचीबरोबर डंकावर कुटून आणलेला वर्षाचा साठा. चैत्र-वैशाखात प्रत्येक गल्लीत कुणाकडं ना कुणाकडं चटणी असते. आमच्या गल्लीत सोळा घरं. म्हणजे सोळा दिवस. मिरचीचा खाट उठला की गल्लीभर ठसके लागायचे, लोक डोळे पुसत हसायचे आणि मी डोक्यावरून चादर घेऊन वही वाढवायची. एका बाईनं माझ्यासाठी आपली चटणी आठ दिवस पुढं ढकलली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. मामांनी तिची नोंद 'उपाय' या रकान्यात केली आणि त्यापुढं लिहिलं : अंशतः गुणकारी.

आत्तींचं निदान मात्र दुसऱ्याच दिवशी झालेलं. दृष्ट. "त्या पिग्मीवाल्यानंच लावली बघ. टक लावून बघतोय मेला." मग मीठ, मोहरी, सात मिरच्या, उंबऱ्याची माती मुठीत धरून त्यांनी माझ्यावरून उतरली आणि चुलीत टाकली. दृष्ट नसेल तर मिरचीचा ठसका लागतो; ठसका लागला नाही तर दृष्ट कडक. मला ठसका लागला, पाठोपाठ उलटी झाली. आता हे दृष्ट नसल्याचं लक्षण की असल्याचं, यावर आत्ती आणि आजेसासूबाईंमध्ये मतभेद झाले. मामांनी शेरा लिहिला : निर्णय प्रलंबित.

आयुर्वेदाला मी नावं ठेवणार नाही. गावातल्या वैद्यबुवांनी साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून, खडीसाखर घालून चमच्याचमच्यानं घ्यायला सांगितलं. शिवाय तांदळाच्या धुवणात वाटलेले धणे. चमच्याचमच्यानं यातच सगळं शहाणपण होतं. पहिले दोन दिवस ते पाणी खरंच ठरलं. तिसऱ्या दिवशी आत्तींना वाटलं, चमच्यानं गुण येतोय तर तांब्यानं किती येईल. त्यापुढची नोंद वाचवत नाही.

आल्याचं तसंच. साताऱ्याकडून येणारं रसरशीत आलं ह्यांनी आणलं, एकदम दोन किलो. ह्यांना शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम, तिथं सगळा हिशेब टनात. आल्यानं मळमळ थोडी कमी होते हे बऱ्याच चाचण्यांतून दिसलंय, पण त्यातलं प्रमाण दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठेचं. आमच्याकडं चहात आलं, ताकात आलं, आल्याची वडी, उशाला आलं. जळजळ सुरू झाली आणि उलटीला नवी चव आली. 'नाद खुळा' हा आमच्या जिल्ह्याचा आवडता शब्द. आलं हे औषध म्हणून चांगलं असेल, नाद म्हणून वाईट.

मग ॲक्युप्रेशर. जयसिंगपूरला एका हॉलमध्ये दर रविवारी एक गृहस्थ बसायचे. भिंतीवर तळपायांचा तक्ता. अंगठ्यात मेंदू, टाचेत कंबर, मध्ये यकृत, मूत्रपिंड, आतडी, सगळी बिऱ्हाडं नंबरवार. त्यांनी माझ्या पायाला जिमी नावाची लाकडी दांडी लावली आणि दाबली. मी ओरडले. "बघा, इथं दोष आहे," ते म्हणाले. दुसरीकडं दाबली, मी ओरडले. तिथंही दोष. ह्यांनी भीत भीत स्वतःचा पाय पुढं केला, तेही ओरडले. घरी परतताना आमच्याकडं दोन जिम्या, एक लाकडी रूळ आणि तांब्याची एक वस्तू होती जिचा उपयोग आजतागायत कळलेला नाही. सध्या ती पापडाच्या डब्याचं झाकण दाबायला आहे.

गंमत म्हणजे पाय दाबणाऱ्या त्या गृहस्थांनी हाताला हातच लावला नाही आणि मळमळीचा जो खरा नावाजलेला बिंदू आहे तो हातावर आहे. मनगटाच्या घडीपासून कोपराकडं तीन बोटं, दोन शिरांच्या मधोमध. (शिरा म्हणजे त्या ताठ दोऱ्या; डॉक्टर कंडरा म्हणतील.) चिनी वैद्यकात त्याला नेइग्वान म्हणतात. जहाज लागणाऱ्या लोकांसाठी त्यावर टोचणारं बटण असलेले पट्टे विकले जातात. बेलफास्टच्या डंडी नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९८०च्या दशकात तो बिंदू गरोदर बायकांवर तपासून पाहिला आणि गुण येतो असं लिहिलं. पुढं आणखी चाचण्या झाल्या. त्यातल्या काहींत भलताच बिंदू दाबलेल्या बायकांनाही बरं वाटलं, त्यामुळं मामला अजून तळ्यात-मळ्यात आहे.

हे सगळं ह्यांनी मोबाइलवर वाचलं आणि पट्टा घरीच बनवला. माझा केसांचा रबर आणि त्याच्या आत चिंचोका. प्रश्न आला तीन बोटांचा. कुणाची तीन बोटं? ह्यांनी आपली लावली. फाउंड्रीतली बोटं ती. बिंदू जवळजवळ कोपरापर्यंत गेला. दोन दिवस मी चिंचोका भलतीकडंच बांधून फिरत होते आणि दोन्ही दिवस मला थोडं बरं होतं. तिसऱ्या दिवशी माझीच बोटं लावायची असतात असं कळल्यावर तो योग्य जागी आणला, तर सकाळपासून नऊ. पतसंस्थेत एका खातेदार आजीनं तो पट्टा पाहिला आणि म्हणाली, "चिंचोक्यानंच गुण ईल बाळ, चिंच आंबट असतीया न्हवं." याला म्हणतात एका औषधाला दोन शास्त्रांचा आधार.

होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाई इचलकरंजीच्या. त्यांनी विचारलं, स्वप्नं कसली पडतात? वीज कडाडली की भीती वाटते का? रडू एकटीला येतं की चारचौघांत? कुणी समजूत घातली तर बरं वाटतं की राग येतो? मी बोलत सुटले. बाहेर मागांचा खडखडाट, आत मी. महिन्याभरात मला कुणी असलं काही विचारलं नव्हतं. विचारलं ते किती वेळा आणि कसल्या रंगाची. सव्वा तास बोलले. सव्वा तासात एकही उलटी नाही. त्यांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. इपिकॅक. हे ब्राझीलकडचं मूळ, मुळात उलटी करवणारं. काट्यानं काटा काढायचा तसं उलटीनं उलटी. फक्त काटा इतका पातळ करायचा की तो उरतच नाही. तीस नंबरची गोळी म्हणजे शंभरात एक भाग, असं तीस वेळा. कोल्हापुरात पंचगंगेत एक थेंब टाकून नरसोबाच्या वाडीला संगमावर तांब्या भरून घेतला तरी तो याच्यापुढं काढ्यासारखा दाट ठरेल. आणि पंचगंगेत वाटेत आणखी काय काय मिसळतं ते या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

गोळ्यांनी काही झालं नाही. पण मामांनी त्या दिवशीची नोंद बघून चष्मा कपाळावर सरकवला आणि लिहिलं : परिणाम, सव्वा तास. कारण, बोलणे (?). ते प्रश्नचिन्ह त्यांच्या अख्ख्या नोकरीतलं पहिलं असावं.

वाडीचा विषय निघालाच तर सांगते, ह्यांची आत्या नरसोबाच्या वाडीहून कवठाची बर्फी घेऊन आली होती. आंबटगोड, किंचित तुरट. ती चाळीस मिनिटं ठरली. तोवरचा विक्रम. घरात उत्सव झाला. दुसऱ्या दिवशी दीड किलो बर्फी आली आणि तिसऱ्या दिवसापासून मला कवठ या शब्दातला 'क'सुद्धा ऐकवेना.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वजन चोपन्नवरून एकोणपन्नासवर आलं. मोरीच्या भिंतीला धरून उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. जाऊबाई आमच्या मोजकं बोलतात. त्या म्हणाल्या, "आता औषधं पुरे. दवाखाना." मिरज म्हणजे आमच्या मुलखाचा दवाखाना. विल्यम वॉनलेस नावाच्या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरांनी तिथं १८९४ साली रुग्णालय उभं केलं तेव्हापासून, घरात कुणी हाताबाहेर गेलं की 'मिरजेला न्या' हे वाक्य आपोआप निघतं. पॅसेंजर नुकतीच सुटली होती, म्हणून वडाप, म्हणजे माणसं भरली की निघणारी खासगी गाडी, धरलं.

वडापमध्ये पुढं, चालकाच्या शेजारी बसले, खिडकी मोकळी हवी म्हणून. डिझेलचा वास, मागं अकरा माणसं, एक बोकड. स्टँडच्या बाहेर पडायच्या आत पोट ढवळलं. समोर आरशाखाली तारेला ओवलेलं लिंबू आणि सात मिरच्या डुलत होत्या. मला काय झालं कुणास ठाऊक, मी हात पुढं केला, ते लिंबू धरलं, नखानं सालीला ओरखडा काढला आणि नाकाला लावलं. चालकानं करकचून ब्रेक दाबला. "अवो वहिनी! दिष्टीचं हाय ते! कालच अमुशा झालीया!" गाडीत सन्नाटा. बोकडसुद्धा गप्प. पण पोट बसलं. जयसिंगपूरपर्यंत मी ते लिंबू नाकापासून हलवलं नाही आणि एकदाही खिडकीबाहेर डोकं काढावं लागलं नाही. लिंबाविना गाडी चालवायची चालकाची छाती होईना. जयसिंगपुरात त्यानं गाडी थांबवून नवं लिंबू ओवलं, त्याचे दहा रुपये मामांनी दिले आणि वहीत खर्ची टाकले. पुढच्याच वर्षी इराणमध्ये शंभर गरोदर बायकांवर लिंबाच्या वासाची चाचणी केल्याचं आणि वास घेणाऱ्यांना जरा बरं वाटल्याचं छापून आलं. मिरच्या मात्र त्यांनी ओवल्या नव्हत्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासली. कीटोन निघाले. म्हणजे खाल्लेलं काही पोचतच नसल्यामुळं शरीर स्वतःची चरबी जाळायला लागलं होतं. लगेच सलाइन. मग मामांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी सहज म्हणून उघडली आणि वाचत बसले. पान उलटून उलटून वाचलं. त्र्याऐंशी नोंदी. "असा केसपेपर माझ्याकडंसुद्धा नाही हो," ते म्हणाले. मामा खुर्चीत सरळ झाले. "फक्त एक राहिलं. बारा तासांत लघवी किती वेळा झाली आणि कसल्या रंगाची, तो रकाना कुठाय? उलट्या किती यापेक्षा मला ते आधी हवं. गडद व्हायला लागली किंवा बंद झाली की त्याच दिवशी आणायचं, महिन्यानं नाही."

मामा पांढरे पडले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या दप्तरात त्रुटी निघाली नव्हती.

भांडण झालं ते गोळीवरून. डॉक्टरांनी डॉक्सिलामीन आणि ब-६ जीवनसत्त्वाची एकत्र गोळी लिहून दिली तशा आत्ती उभ्या राहिल्या. "गोळी न्हाई. गोळीनं लेकरं लुळी जन्मत्यात." मला वाटलं डॉक्टर हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आई, तुमचं खरं आहे. तसं झालंय." आणि सांगितलं. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी बाजारात आली, शांत झोपेसाठी. मग गरोदर बायकांच्या मळमळीवरही सर्रास दिली गेली. जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं आखूड किंवा नसलेल्या हातापायांनी जन्मली. १९६१च्या अखेरीस ती मागं घेतली. अमेरिकेत मात्र ती विकायला तेव्हा परवानगीच मिळाली नाही, कारण १९६० साली तो अर्ज फ्रान्सिस केल्सी नावाच्या, तिथल्या औषधखात्यात नव्यानंच लागलेल्या बाईंच्या टेबलावर आला आणि त्यांनी कंपनीला कळवलं की माहिती अपुरी आहे. कंपनीनं पुन्हा पाठवला, पुन्हा अपुरी. वरून दबाव आला, तरी अपुरी.

"म्हणजे त्रुटीपूर्तता झाल्याशिवाय फाइल सोडली नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"नाही सोडली. १९६२ साली केनेडींनी बोलावून पदक दिलं."

मामांनी वहीच्या मागच्या पानावर नाव लिहून घेतलं. जन्मभर लोकांनी त्यांना 'अडवणूक करतोय' म्हणून शिव्या दिल्या होत्या. दवाखान्याच्या त्या खोलीत त्यांना पहिल्यांदा आपल्या जातकुळीचं कुणीतरी भेटलं. गोळीला आत्तींची हरकत होती ती मामांनी तिथल्या तिथं फेटाळली, पण रीतसर, डॉक्टरांना विचारून. ही गोळी कुठली? तिच्यावर चौकशी झाली का? झाली होती, आणि भरपूर. अमेरिकेत ही जोडी असलेली गोळी १९५६ पासून विकली जायची. थॅलिडोमाइडनंतर लोक इतके धास्तावले की तिच्यावरही खटले पडले. दोष सिद्ध न होताच कंपनीनं १९८३ साली वैतागून ती बंद केली. तीस वर्षांनी, २०१३च्या एप्रिलमध्ये, म्हणजे मी बादली गाठली त्याच महिन्यात, तिला नव्या नावानं तिकडं पुन्हा परवानगी मिळाली. "म्हणजे निर्दोष सुटून पुन्हा कामावर रुजू," मामा म्हणाले. आत्तींनी इतकंच विचारलं की असलं परदेशातल्या बड्या घरांत होतं का. आदल्याच डिसेंबरात इंग्लंडच्या राजघराण्यातली सून याच दुखण्यापायी दवाखान्यात दाखल झाली होती, असं सिस्टरनं सांगितलं. "मग त्यांच्यात दिष्ट काढायला कुणी न्हाई व्हय?" आत्ती हळहळल्या.

तिथल्या नर्सिंग कॉलेजची एक विद्यार्थिनी सलाइन बदलताना म्हणाली की 'जेन आयर' लिहिणारी शार्लट ब्रॉंटी १८५५ साली गरोदर असतानाच गेली. दाखल्यावर क्षय लिहिलंय, पण कित्येक अभ्यासकांचा संशय या उलट्यांवरच आहे. हे ती मला धीर द्यायला सांगत होती की आणखी कशाला, मला कळलं नाही. पण सलाइनच्या बाटलीकडं मी त्यानंतर जरा आदरानं पाहिलं.

तीन दिवसांनी घरी आले. गोळीनं उलट्या थांबल्या नाहीत, पंधराच्या पाच झाल्या. पाच म्हणजे सुट्टी. बाकीचे उपायही चालूच राहिले, कारण ते बंद केले तर आणणाऱ्याला वाईट वाटतं. आजेसासूबाई रोज माझ्या पायाला तेल लावायच्या आणि आपल्या सात बाळंतपणांच्या गोष्टी सांगायच्या. त्यातली दोन उपाशीपोटीच काढली होती म्हणे, वाडग्यात नुसती आंबील घेऊन. मोरीजवळ पाठ चोळायला त्याच असायच्या. एकदा मी विचारलं, आजी, तुम्हाला कशानं गुण आला? त्या विचार करून म्हणाल्या, "मृग लागला की उतरतंय. मिरगाचं पाणी पडूं दे."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. पत्र्यावर पहिला सडा वाजला, मातीचा वास उठला आणि तो वास पोटात गेला तरी पोट गप्प. मी चहा प्यायले. ठरला. भाकरी खाल्ली, ठरली. रात्री दहा वाजता मी आत्तींना विचारलं, कैरी हाय का? त्यांनी डोळ्याला पदर लावला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दावे दाखल व्हायला लागले. आजेसासूबाई म्हणाल्या, मृग. आत्ती म्हणाल्या, अवसेला तिसऱ्यांदा दृष्ट काढली ती. वैद्यबुवांनी निरोप धाडला की लाह्यांच्या पाण्याला गुण यायला वेळ लागतोच. इचलकरंजीच्या बाई फोनवर म्हणाल्या, गोळ्या आधी त्रास वाढवतात, मग मुळासकट काढतात. जयसिंगपूरचे गृहस्थ म्हणाले, जिमी लावत असालच. वडापवाला रस्त्यात ह्यांना भेटला आणि म्हणाला, "लिंबू लागू पडलं न्हवं?" पिग्मी एजंटांचं म्हणणं पडलं की त्यांनी नवस बोलला होता, कुठल्या देवाला ते मात्र त्यांनी घरागणिक वेगळं सांगितलं. मिरजेचे डॉक्टर तेवढे म्हणाले, "चौदावा-पंधरावा आठवडा ना? बहुतेकींचं तेव्हाच उतरतं."

मामा दोन दिवस वहीपुढं बसून होते. उतारा कुणाच्या नावे करायचा? आठ जणांचे हक्क, एकालाही कब्जा सिद्ध करता येईना. शेवटी त्यांनी सामाईक मालकी लावली, आठआणे-चारआणे न पाडता. वडापवाल्याचं नाव त्यांनी 'इतर हक्क' या सदरात घातलं. जाऊबाईंचं नाव त्यात नव्हतं; त्यांनी कुठला उपाय सुचवलाच नव्हता, फक्त दवाखाना म्हटलं होतं. मी ते दाखवून दिल्यावर मामांनी खाली लाल शाईत फेरफार घेतला.

मुलगी नोव्हेंबरच्या शेवटी झाली. तीन किलो दोनशे. ती दहा वर्षांची झाली त्याच्या पुढच्या महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, 'नेचर' या नियतकालिकात संशोधन छापून आलं. त्यात मार्लेना फेझो या अमेरिकेतल्या संशोधक होत्या. या दुखण्यानं त्यांनी स्वतःचं एक मूल गमावलेलं आहे. गर्भ आणि वारेकडून जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं, ते मेंदूच्या देठाशी जाऊन मळमळ उठवतं. आणि गरोदरपणाआधी ज्या बाईच्या अंगात ते कमी असतं तिला त्याची सवय नसल्यामुळं ते जास्त झोंबतं. मी ही बातमी मामांना वाचून दाखवली. ते ऐंशीच्या घरात. त्यांनी वही काढायला लावली, चष्मा लावला आणि 'कारण' असा नवा रकाना आखून त्यात नातीचं पूर्ण नाव लिहिलं. नात शेजारी बसून सही कुठं करू विचारत होती.

गेल्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. नववा आठवडा, पाणीसुद्धा ठरत नाही. "मामी, तुला कशानं थांबलं होतं गं?" मी तोंड उघडलं. मागून आत्ती दृष्ट म्हणत होत्या, हे आलं म्हणत होते. मामांनी हातानं सगळ्यांना गप्प केलं. दुपारभर बसून, थरथरत्या हातानं, त्यांनी वहीतल्या सगळ्या नोंदींची नक्कल काढली, खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' लिहून सही केली, नक्कल फी माफ केली आणि फोटो काढून पाठवायला माझ्या हातात दिली. मी पाठवतच होते तेवढ्यात त्यांनी फोन मागून घेतला.

"हॅलो, बाळ, हे बाकीचं सावकाश वाच. पण सातवा रकाना लघवीचा आहे. तो आजपासून भरायचा. रिकामा राहिला तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. कळलं? कोऱ्या रकान्यावर मी सही करत नसतो."